शेवटची सही माणसाची

शिवलीला कारखानदारांना नीती शिकवते, असं भवानी पेठेत कुणाला सांगितलं तर माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, शिकतात का? प्रश्न वाकडा असला तरी चुकीचा नाही.

चौदा वर्षं तिनं एका खासगी शाळेत गणित शिकवलं. शाळा बंद पडली, तेव्हा वय बेचाळीस. त्या वयात बायका गुडघ्यांच्या तक्रारी सुरू करतात. हिनं घरी बसून कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभ्यासक्रम पुरे केले. मग व्यापाऱ्यांच्या एका संघटनेनं तिला काम दिलं. संगणकातलं ओ की ठो कळत नसलेल्या मालकांना, एआय सचोटीनं कसं वापरायचं, ते दोन दिवसांत शिकवायचं. मालक यायचे ते प्रमाणपत्रासाठी. परदेशी गिऱ्हाईक हल्ली तो कागद मागतं, म्हणून यायचे. नीतीची तहान लागून कुणी आल्याचं ऐकिवात नाही.

पण शिवलीला शिकवायची झकास. "पोराचं लग्न नुसती पत्रिका जुळली म्हणून ठरवता का? घरातलं कुणीतरी मुलगी बघायला जातंच ना?" असं विचारलं की सगळा हॉल माना डोलवायचा. "तसंच हे. यंत्र सुचवेल. शेवटची सही माणसाची." हे वाक्य ती तीनदा म्हणून घ्यायची, शाळेतला पाढा म्हणून घ्यावा तसं.

एका तुकडीत शिवराज होता, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याचा तरुण मालक. त्यानं विचारलं, "मॅडम, माणूस म्हणजे कुणीही चालतो?" जेवणाची वेळ झाली होती. "माणूस असला म्हणजे झालं," शिवलीला म्हणाली. सगळे हसले आणि जेवायला उठले.

शिवराजच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांवर कॅमेरे लावले होते. कोण किती टॉवेल शिवतं ते यंत्र मोजायचं आणि दर महिन्याला कमी शिवणाऱ्यांची यादी काढायचं. यादीत आलेली बाई घरी. प्रमाणपत्र मिळाल्यावर शिवराजनं या यादीवर माणूस नेमला. तो माणूस म्हणजे शिवलीलाच्या गल्लीतली काशम्मा. मूळची वळसंगची, विधवा, सातवी शिकलेली. तिला या कारखान्यात शिलाईला चिकटवलं होतं तेही शिवलीलानंच. आता तिला खुर्ची मिळाली, वर पंखा आणि हातात टॅबलेट. शिवलीला एवढी हरखली की खुर्चीतल्या काशम्माचा फोटो तिनं आपल्या वर्गात दाखवायला घेतला. आपण शिकवलेलं एका तरी मालकानं अमलात आणलं, याचा तिला अभिमान वाटला, आणि तो खराही होता.

कामाची खरी गोष्ट काशम्मानं हळूहळू सांगितली. टॅबलेटवर दोन चौकोन, मान्य आणि अमान्य. मान्य केलं की झालं. अमान्य केलं की कारण लिहायचं, तेही इंग्रजीत. पहिल्याच महिन्यात शिवानी नावाच्या बाळंतिणीचं नाव आलं, तेव्हा अमान्य दाबून तिनं तिला वाचवायला पाहिलं. सुपरवायझर येऊन म्हणाला, "खुर्ची कशाला दिलीया तुला?" त्याच संध्याकाळी शिवानी गेली. तेव्हापासून काशम्माचं बोट मान्यवरच पडत आलं. सहा महिन्यांत अकरा बायका गेल्या. नळावर तिच्याशी कुणी बोलेनासं झालं. शिव्या मालकाला पडत नव्हत्या, हिला पडत होत्या.

"मी बोलते शिवराजशी," शिवलीला म्हणाली. बोलली मात्र नाही. त्या फोटोवर तिला आणखी दोन शहरांतून बोलावणी आली होती. आज बोलू, उद्या बोलू करता करता चार महिने गेले. भित्री नव्हती ती. पण कौतुकाची चटक भीतीहून वाईट.

मग एका सोमवारी काशम्मा भर दुपारी घरी दिसली. यादीत तिचंच नाव आलं होतं.

शिवलीला तडक कारखान्यात गेली. शिवराजनं चहा मागवला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. गेल्या महिन्यात नावं नव्यानं भरताना काशम्माचं नाव परत शिलाई विभागात पडलं होतं, आणि महिनाभरात तिनं एकही टॉवेल शिवला नव्हता.

"अहो, पण तिला खुर्चीवर तुम्हीच बसवलंत."

"यंत्राला ते कुठं माहीत, मॅडम? म्हणून तर माणूस ठेवला. हे बघा, तिनं स्वतःच मान्य केलंय."

"तिला परत घ्या."

"आता मी मध्ये हात घातला तर तुमचाच नियम मोडतो की. कुणीही माणूस चालतो, हे तुम्हीच सांगितलंत." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरोखर गुणी विद्यार्थी होता, आणि शिवलीलाला त्याचीच किळस आली. स्वतःचीही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काशम्माकडे गेली. चटणीवाल्याच्या शेंगा फोडून द्यायचं काम तिनं धरलं होतं. पाटी पुढ्यात होती.

"काशक्का, यादीत तुमचाच नंबर होता. दिसला नाही?"

"दिसला की."

"मग अमान्य का नाही केलंत?"

"एकोनीस बाया घालवल्या म्या ह्या बोटानं. त्यांच्या टायमाला मला विंग्रजी येत न्हवतं, आन् माझ्या टायमाला आलं आसतं व्हय?"

शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवसांच्या तिच्या वर्गात एवढी नीती कधी कुणी बोललं नव्हतं, ती स्वतः धरून. "तुम्ही चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आज नवी तुकडी आहे. मालकांपुढं तुम्हीच सांगा हे."

"मी कशाला, बाई?" काशम्मानं शेंग फोडली. "तुमाला समदं ठावं होतं की चार म्हैन्यापास्नं. आन् तुमाला तर लई बोलाया येतंय."

वर्ग अकराला होता. शिवलीला उठली आणि शिकवायला गेली.