कानाने मोजलेला वेग

स्फाक्स शहरातल्या क्ष-किरणांच्या त्या दवाखान्यात दलिंदा अठरा वर्षं अहवाल टाइप करत होती. एका कानाने डॉक्टरांचं ध्वनिमुद्रण ऐकायचं, दुसऱ्याने संगणकाचं बोलणं. जन्मापासून दिसत नसल्यामुळे पडदा तिच्या लेखी नुसती धूळ बसायची जागा. दाबलेलं प्रत्येक अक्षर यंत्र वाचून दाखवी, तेही अशा वेगाने की शेजारच्या टेबलाला तिथे भांडण चालू आहे असं वाटावं.

गेली अकरा वर्षं हे यंत्र मोन्सेफ सांभाळत; तिथल्या रीतीने सगळे त्यांना आदराने 'सी मोन्सेफ' म्हणत. कोपऱ्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. यंत्रावर साधं लिनक्स होतं, संगणक चालवणारी प्रणाली, कुठेही हात घालता येईल अशी. पण अधूनमधून एखादं अपडेट असं यायचं की यंत्राची वाचाच बसायची. मग मोन्सेफ धापा टाकत येईपर्यंत दलिंदा हातावर हात ठेवून बसून राही. आता मोन्सेफ थकले होते, पुढच्या महिन्यात कायमचे लेकीकडे गाबेसला निघाले होते. आणि मॅनेजरने गेल्या खेपेला सुनावलं होतं, "अजून एक दिवस असा गेला, तर काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

म्हणून मोन्सेफांनी दुसरं यंत्र आणलं. त्यातल्या लिनक्सचा गाभा कुलूपबंद होता. अपडेट अख्खंच्या अख्खं येतं, आधीचं शेजारी जपून ठेवलेलं असतं, बिघडलं तर कालच्यावर परत जायचं.

"पण ही जात आळशी असते म्हणे," दलिंदा म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच. तीन वर्षांपूर्वी."

"मी खूप काही म्हणतो. माझ्या बायकोला विचारा."

दोन्ही यंत्रं शेजारी मांडून त्यांनी घड्याळ लावलं. लिहिण्याचा प्रोग्राम पहिल्यांदा उघडायला कुलूपबंद यंत्राने दोन सेकंद जास्त घेतले. उघडल्यावर मात्र दोन्हींत काही फरक दिसेना. "बरोबरी," त्यांनी जाहीर केलं.

दलिंदाने दोन्हींवर एकेक अहवाल टाइप केला. "दोन सेकंदांचं काही नाही, तेवढ्यात कॉफीचा घोट घेईन. पण जरा थांबून पुन्हा सुरू केलं की नवं यंत्र पहिलं अक्षर गिळतं."

"छे. पडद्यावर लगेच उमटतंय की."

"पडदा तुम्हीच ठेवून घ्या."

मोन्सेफांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. काही सेकंद शांतता झाली की यंत्र आवाजाचा भाग झोपवत होतं, वीज वाचवायला. जागं होईपर्यंत अक्षर निसटायचं.

"मग जुनं का झोपत नाही?"

मोन्सेफ ओशाळले. "मीच झोपू देत नव्हतो. विसरूनच गेलो होतो."

त्यांनी जुन्या यंत्राच्या सेटिंग्ज उघडून तिला वाचून दाखवल्या. त्यांनी तिच्यासाठी केलेले असे चौदा बदल निघाले. कुठे पडद्यावरच्या खिडक्यांची नाचानाच बंद केलेली, कुठे आवाजाला सगळ्यांच्या आधी रांगेत उभं केलेलं. एकावर तारीख होती ईदच्या दुसऱ्या दिवसाची.

दलिंदा म्हणाली, "कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलण्यासारखं काय?"

"अकरा वर्षं मी लिनक्सचे आभार मानत होते, सी मोन्सेफ."

गाभ्याला कुलूप असलं तरी सेटिंग्ज त्याच्या बाहेर राहतात. चौदाही बदल मोन्सेफांनी नव्या यंत्रावर नेले. मग बिघडल्यास कालच्यावर परत कसं जायचं ते तिला शिकवलं: यंत्र सुरू होताना 'टिक्' वाजेल, लगेच खालचा बाण एकदा, मग एंटर. वीस वेळा करून घेतलं.

ते गाबेसला गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, यंत्र मुकं झालं. मॅनेजरच्या बुटांचा आवाज टेबलाशी येऊन थांबला. दलिंदाने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. टिक्. खाली एकदा. एंटर. मग यंत्र बोलू लागलं, पहिल्या अक्षरापासून. बूट निघून गेले आणि दहापर्यंत सगळे अहवाल हातावेगळे झाले.

तिने गाबेसला फोन लावला. "आज यंत्राची वाचा गेली होती."

"दुपारची गाडी पकडतो," मोन्सेफ म्हणाले. पलीकडे चपला शोधल्याचा आवाज आला.

"येऊ नका. माझं मीच केलं." मग ती म्हणाली, "आज मी कुणाची वाट बघत बसले नाही, सी मोन्सेफ. हे तुम्ही दिलंत मला."