खुंटीवरची टोपी

माझ्या भावाने, हॉबर्टने, जन्मात कधी टोपी घातली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या खोऱ्यात आता हे खरं मानणारी मी जवळजवळ एकटीच उरले आहे. त्याचं डोकं भोपळ्याएवढं. लहानपणी आईने एकदा बळेच टोपी चढवली, तर ती काढायला लोणी लावावं लागलं. तेव्हापासून त्याने टोपीच्या नावाने कानाला खडा लावला. बर्फ पडो की ऊन तापो, हॉबर्ट आपला बोडका. आणि अर्धी अमेरिका त्याला ओळखते, ते टोपी उचलून बायकोला सोडून गेलेला माणूस म्हणून.

बायको म्हणजे झेल्मा. झेल्मा रॅटलिफ. केंटकीच्या या डोंगरांतून गाणाऱ्या बायका पुष्कळ निघाल्या, पण झेल्माचा आवाज रेडिओवर लागला की गाई पान्हा सोडतात, असं माझे वडील म्हणायचे, आणि ते कुणाचं सहजी कौतुक करणारे नव्हते. तिचा बाप खाणीत काम करायचा आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये भजनं सांगायचा. तो एक ओळ म्हणणार, मागून सगळी मंडळी ती घोळवून घोळवून गाणार. चर्चमध्ये वाद्याला हात लावायची बंदी. तेवढ्यासाठीच झेल्माने गिटार शिकून घेतली असावी. बाप खाणीतच गेला. मागे ठेवून गेला तो आवाज आणि एक तपकिरी फेल्टची टोपी. हॉबर्टशी लग्न करून ती आमच्या घरात आली तेव्हा तिने ती टोपी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

दर शनिवारी सकाळी आम्ही दोघी गावातल्या रेडिओवर गायचो. एका पिठाच्या कंपनीचा कार्यक्रम होता. झेल्माचा मुख्य आवाज आणि माझा वरचा. मायक्रोफोन एकच, त्यामुळे गालाला गाल लावून उभं राहावं लागायचं. ती पावसाच्या पाण्याने केस धुवायची, त्यांचा वास मला अजून आठवतो. मधेच पिठाची जाहिरातही आम्हीच गायची. अंगातले झगेही त्याच पिठाच्या छापील पोत्यांचे. भांडी घासता घासता ती नवीन गाणी करायची आणि मला म्हणायची, "क्लेसी, तुझा सूर लाव बघू." मी लावायचे. कुठे लावायचा ते ती कधी सांगायची नाही आणि मला कधी विचारावं लागलं नाही. तेवढं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही.

गाण्यांच्या रेकॉर्डी निघतात त्या नॅशव्हिल शहरात जाऊन गायचं हे झेल्माच्या मनात होतं. हॉबर्टला ते तिच्याआधी कळलं. आमची आई तेव्हा अर्ध्या अंगाने लुळी होऊन अंथरुणाला खिळली होती, त्यामुळे त्याला हलता येत नव्हतं. आणि झेल्माला धरून ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मार्च महिना होता, बारीक पाऊस पडत होता. पेंडीच्या दुकानासमोर बस थांबायची. झेल्माने बापाची टोपी डोक्यावर दाबून घातली होती. हॉबर्ट तिची गिटार खांद्यावर घेऊन शेजारी उभा, केसांतून पाणी गळतंय. दुकानाच्या ओसरीवर नेहमीची टोळी शेंगा फोडत बसली होती, त्यात डॉर्सी मुलिन्सही होता.

"जा," हॉबर्ट तिला म्हणाला. "आईचं मी बघतो. हा गळा इथं कुजवू नकोस."

ती रडली. तो रडला नाही. मला दोघांचाही संताप आला होता. मला विचारलं असतं तर मी तिला जाऊ दिलं नसतं, पण मला कोण विचारतंय!

नॅशव्हिलमध्ये ती सकाळी एका खाणावळीत ताटं वाढायची आणि दुपारी गाणी घेणाऱ्यांच्या दारात बसायची. गळा सगळ्यांना आवडायचा, गाणी कुणी घेईना. शेवटी बोटाबोटांत अंगठ्या घातलेल्या एका गृहस्थाने तिला सांगितलं, "बाई, नवऱ्याला टाकून जाणारीचं गाणं ऐकणार कोण? त्यालाच जाऊ दे की." तिने गाण्यात त्याला जाऊ दिलं. पण रेकॉर्ड करण्याआधी तिने फोन केला. खोऱ्यात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. हॉबर्टने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि साबण-रॉकेल घ्यायला आलेल्या आम्हा सगळ्यांना ते गाणं पहिल्यांदा ऐकू आलं:

खुंटी मोकळी, दार उघडं,
टोपी घेऊन गेला तो;
कॉफी अजून निवली नाही,
इतक्यात कुठे गेला तो?

"चाल झकास आहे," हॉबर्ट म्हणाला. "पण टोपी तर तू घालून गेलीस की गं."

"ते म्हणतात, असंच खपेल. तू नको म्हणालास तर नाही गाणार, हॉबर्ट. शपथ."

मी मान हलवून नको नको म्हणून खुणावत होते.

"गा," तो म्हणाला. "इथं सगळ्यांना माहीत आहे कोण गेलं ते."

गाणं असं चाललं की विचारू नका. झेल्मा मोठमोठ्या रंगमंचांवर गेली. चमचमते झगे आले, स्वतःची बस आली, बसवर रंगवलेलं नाव आलं. दोघांनी भांडणतंटा न करता कागदावर सह्या करून लग्न मोडलं. आणि इथं हॉबर्टची थट्टा सुरू झाली. "काय रे, टोपी कुठाय?" असं न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे विचारायचे. तोही हसायचा, कारण विचारणाऱ्याला खरं काय ते माहीत असायचं. नाताळात लोक त्याला टोप्या भेट द्यायचे. त्या सगळ्या त्याने मक्यातल्या बुजगावण्यांना घातल्या. आमच्या बुजगावण्यांसारखा थाट जिल्ह्यात कुणाचा नव्हता.

पुढे तो शाळेची बस चालवायला लागला. रोज सकाळी मागच्या बाकांवरून पोरं तेच गाणं ओरडून म्हणायची. एके दिवशी एका चिमुरडीने उतरताना विचारलं, "मिस्टर हॉबर्ट, तुम्ही कॉफी न पिता का गेलात?" त्याने घरी येऊन मला ते हसत हसत सांगितलं. मला मात्र धस्स झालं. ती थट्टा करत नव्हती.

माणसं गाण्यावर विश्वास ठेवायला लागली ती अशी. आधी पोरं, मग पोरांच्या आया. शाळेच्या स्वयंपाकघरात ऑर्फा नावाची एक गुणी विधवा होती. हॉबर्ट तिच्याकडे रविवारी जेवायला जायचा, शेंगदाण्याच्या वड्या घेऊन. मला वाटलं, चला, घर लागलं माझ्या भावाचं. पण ऑर्फाची आई दुसऱ्या जिल्ह्यातली, तिला फक्त गाणं ठाऊक. "एकीला टाकून गेलेला दुसरीला टाकायला किती वेळ लावणार?" असं ती म्हणाली. ऑर्फाने टायर विकणाऱ्याशी लग्न केलं. मी झेल्माला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकत राहिली. हॉबर्टला कळलं तेव्हा तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

झेल्माची आणखी दोन गाणी चालली, मग चालेनाशी झाली. चमचमते झगे मागे पडले, बस विकली गेली. जत्रा, सहकारी संस्थांचे मेळावे, मोटारींच्या दुकानांची उद्घाटनं, असं करत करत ती उतारवयात खोऱ्यात परत आली आणि ओढ्याच्या तोंडाशी छोटं घर घेऊन राहिली. वर्षातून एकदा शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये अग्निशामक दलाच्या मदतीसाठी गायची. लोकांना एकच गाणं हवं असायचं. गाणं संपलं की मागच्या रांगेतून हॉबर्ट उभा राहायचा आणि आपल्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवून दाखवायचा. लोक शिट्ट्या मारायचे. कुणाला वाटायचं, टोपी हरवली बिचाऱ्याची.

मग हॉबर्टचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी तडक झेल्माच्या घरी गेले.

"त्याच्याकडे फार दिवस नाहीत. सगळ्यांसमोर खरं सांग. तो हा खोटा ठपका घेऊन मरता कामा नये."

"मी कधीपासून सांगायचं म्हणतेय, क्लेसी," ती म्हणाली. "तोच सांगू देत नाही."

"त्याला विचारतंय कोण!"

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे टेकडीवर जातो, आपापल्या माणसांच्या थडग्यांवरचं गवत काढतो, फुलं वाहतो आणि मग तिथंच गवतावर चादरी पसरून जेवतो. तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. जेवणं होत आली तशी झेल्मा काठी टेकत उठली. गाणार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गाणार नाहीये," ती म्हणाली. "ऐका. हॉबर्ट मला सोडून गेला नाही. मी गेले. त्याने माझी गिटार बसपर्यंत आणून दिली. गाण्यात आहे ते खोटं आहे."

माझा ऊर भरून आला. आणि मग पलीकडच्या चादरीवरून एक बाई डोळे पुसत म्हणाली, "किती मोठं मन म्हणायचं! अजून त्याच्या चुकीवर पांघरूण घालतेय."

"देवमाणूस आहे गं झेल्मा," दुसरी म्हणाली.

"अहो, ती खरं सांगतेय!" मी ओरडले. "डॉर्सी, तू होतास ना ओसरीवर? सांग यांना!"

डॉर्सी मुलिन्सने तोंडातला केक गिळला. "होतो तर. माझ्या या डोळ्यांनी बघितलंय. पाऊस होता, आणि तपकिरी टोपी होती. अगदी गाण्यात आहे तश्शी."

"ती झेल्माच्या डोक्यावर होती, अरे गाढवा!"

"आता बाईमाणूस पुरुषाची टोपी कशाला घालेल?" डॉर्सी म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी हात टेकले. हॉबर्ट मात्र इतका हसला, इतका हसला, की त्याला खोकल्याची उबळ आली आणि आम्हाला त्याची पाठ चोळावी लागली.

लोक पांगल्यावर आम्ही तिघंच आईच्या थडग्यापाशी बसलो होतो. "ते आधी असं नव्हतं," झेल्मा म्हणाली. "बसमध्ये केलं होतं, त्याच दिवशी." आणि हळूच, गिटारीशिवाय, गायला लागली:

खुंटी मोकळी, दार उघडं,
टोपी घालून निघाले मी;
गिटार त्याच्या खांद्यावरती,
मागे वळून पाहिलं मी.

दुसऱ्या ओळीला माझा सूर आपोआप लागला. ते शब्द मी कधी ऐकले नव्हते, पण तिची चाल कुठे वळणार हे मला ठाऊक होतं. दोघींचेही आवाज फाटले होते. हॉबर्ट गवताची काडी चावत ऐकत होता.

"हेच चांगलं आहे," तो म्हणाला. मग काडी टाकून देत, "खपलं नसतं पण."

"खपलं नसतं," झेल्मा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

फेब्रुवारीत हॉबर्ट गेला. चर्च भरून माणसं आली. त्याच्या बसमध्ये वाढलेली पोरं आता आजे-आज्या झालेली, तीही आली. त्या सगळ्यांनी मिळून एक नवी कोरी तपकिरी फेल्टची टोपी आणली होती आणि प्रेमाने त्याच्या छातीवर ठेवली होती. प्रेमानेच ठेवली होती, ते मला दिसत होतं, म्हणून तर मला आणखीच भडभडून आलं. जन्मभर ज्याने टोपी घातली नाही त्याच्या ती आता गळ्यात मारून त्याला पाठवणार! मी उठणार तोच झेल्मा काठी टेकत पुढे गेली.

तिने टोपी उचलली आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांवर घातली. मग लोकांकडे वळली.

"टोपी माझी होती," ती म्हणाली. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. त्या गळ्यात तेवढी ताकद अजून शिल्लक होती.

माझ्या मागच्या बाकावर डॉर्सी बायकोच्या कानात कुजबुजला, "बघ, अजून किती जीव आहे तिचा त्याच्यावर."

एवढं मात्र डॉर्सीचं खरं होतं, म्हणून मी त्याला काही बोलले नाही. झाकण लावलं तेव्हा हॉबर्ट बोडकाच होता.