शेंग तूनं चावा घेतलेला नाही

माझे थोरले दीर शेंग तू यांनी तो बर्गर खाल्लेला नाही. हे मी आधीच सांगून टाकते. कारण लोक सगळी हकीकत ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि शेवटी विचारतात, "पण काय हो काकू, चवीला कसा लागला म्हणे त्यांना?" अशा वेळी माझ्या हातात उकळत्या रश्शाचा डाव असतो. मी तो खाली ठेवते आणि मनातल्या मनात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

चियांग माईकडून वर येणारा रस्ता कोबीच्या शेतांकडे वळतो तिथं माझं नूडल्सचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून भावजी आणि मी एकाच अंगणात राहतो. भावजी कोबी लावतात, आलं लावतात, आणि बाजारभाव पडला की दोन्हीला शिव्या घालतात. पण डोंगरावर त्यांना लोक ओळखतात ते कोबीमुळे नाही. आमच्या ह्मोंग लोकांत माणूस गेला की उशाशी बसून त्याला वाट सांगावी लागते. तो जिथं जिथं राहिला त्या गावांची नावं शेवटापासून एकेक घ्यायची, तिथल्या पाण्याचे, सरपणाचे आभार मानायचे, असं करत करत त्याला ज्या घरात जन्मला तिथं पोचवायचं. तिथून पुढं पूर्वज घेऊन जातात. मधलं एखादं गाव सुटलं तर बिचारा तिथंच घोटाळत राहतो. हे सगळं गाणं पाठ असलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यात भावजींइतकं शांतपणे कुणी म्हणत नाही.

आम्ही यांग कुळाचे. यांग हृदय खात नाहीत. डुकराचं नाही, कोंबडीचं नाही, कशाचंच नाही. खाल्लं तर डोळे जातात म्हणतात. माझं माहेर मुआ कुळाचं, तिथं सगळं चालायचं, आणि कोंबडीचं हृदय तर आम्ही बहिणी भांडून खायचो. यांगांच्या घरात आले आणि सोडलं. चुकून कधी ताटात आलं तर बाजूला काढायचं, झालं. पण भावजींचं तसं नाही. ते म्हणतात, ज्याचे डोळे जायची भीती आहे त्यानं दुसऱ्याला काय वाट दाखवायची? त्यामुळे लग्न असो, बारसं असो, घास उचलायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "यात हृदय नाही ना?" गावातली कार्टी त्यांची टिंगल करायची. आंबा आणून द्यायची आणि म्हणायची, "आजोबा, विचारून घ्या हं, यात हृदय नाही ना?" भावजी आंबा उलटसुलट करून बघायचे, म्हणायचे, "याला नुसतीच कोय आहे, तुझ्या डोक्यात आहे तशी."

पलीकडच्या गावात त्यांचे चुलतभाऊ लेंग वा अंथरुणाला खिळले होते. दोघं एका चुलीवर वाढलेले. लढाईच्या दिवसांत एका डोंगरावरून दुसऱ्यावर पळताना दोघं ज्या गावांत राहिले त्यातली कितीतरी आता जंगलात गेली, त्यांची नावंसुद्धा या दोघांखेरीज कुणाला सांगता यायची नाहीत. लेंग वांनी मुलांना बजावून ठेवलं होतं, "मला वाट शेंग तूच सांगेल. दुसरा कुणी आणलात तर उठून बसेन." भावजी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन बसायचे. दोघं मिळून गावांची उजळणी करायचे आणि मधेच कुठल्या गावात कुणाची डुकरं चोरली यावर वाद घालायचे.

आणि अशात ती बर्गरवाली माणसं आली.

बँकॉकचा वित नावाचा माणूस त्यांना घेऊन आला. कंपनी अमेरिकेची. ज्यांनी बर्गर कधी पाहिलासुद्धा नाही अशा लोकांना आपला आणि दुसऱ्या कंपनीचा असे दोन बर्गर द्यायचे, आणि कुठला आवडला ते विचारायचं, अशी त्यांची जाहिरात. शाळेला पाण्याची टाकी देतो म्हणाले. आमचे गावप्रमुख टाकीचं नाव ऐकताच विरघळले.

सकाळी सकाळी वितनं माझ्या दुकानातल्या फ्रिजवर गोणपाट टाकलं. छपरावरची डिश झाकली, पिकअप गाड्या शाळेमागं नेऊन लावल्या. माझ्या मनगटावरचं घड्याळसुद्धा काढायला लावलं. मग म्हणाला, सगळ्यांनी नवीन वर्षाचे भरतकामाचे कपडे घाला. कोबीवर औषध मारायचे दिवस ते! भावजी म्हणाले, "ते कपडे आत्ता मळवले तर नवीन वर्षाला काय घालू, तुमचा पाव?" वित खूप हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर घालाच. तुमचा चेहरा फार छान आहे."

मग विचारलं, बर्गर आधी कुणी कुणी खाल्लाय? निम्म्या पोरांनी हात वर केले. मीही केला. मुलीनं एकदा शहरात मॉलमध्ये खाऊ घातला होता, भिजलेल्या कापसासारखा लागला होता. आम्हाला मागं उभं केलं.

ली कुळातल्या म्हाताऱ्यांनी दोन्ही बर्गर खाल्ले आणि दोन्ही चांगले आहेत म्हणून सांगितलं. पाहुण्यानं लांबून आणलेल्या जेवणाला कुणी नावं ठेवतं का? टोपी घातलेला एक गोरा त्यांचा मुख्य होता. तो पुन्हा पुन्हा विचारायचा, "पण जास्त चांगला कुठला?" म्हातारे पुन्हा पुन्हा म्हणायचे, "दोन्ही." टोपीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग भावजींची पाळी आली. त्यांनी दोन्ही हातांनी बर्गर उचलला, वरचा पाव बाजूला करून आत पाहिलं, वास घेतला. मग मागं वळून मला हाक मारली, "पा लिआ, यांना विचार, या मांसात हृदय वाटलंय का?"

मी वितला थाईत विचारलं. वित म्हणाला, "काकू, गाईचं मांस आहे. दुसरं काहीही नाही."

"अरे बाबा, गाईला हृदय नसतं का?"

वितनं टोपीवाल्याला सांगितलं. टोपीवाल्यानं कुणाला तरी फोन लावला. त्या कुणीतरी आणखी कुणाला विचारून सांगतो म्हटलं. कॅमेरा चालूच होता. पाहुण्याचं अन्न हातात घेऊन लगेच खाली ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून भावजी तो बर्गर धरून बसून राहिले. माझ्याकडे बघून दोनदा ओठांनीच विचारलं, काय म्हणतायत? मी हात हलवले. मधेच कुत्र्यानं कॅमेऱ्याची वायर ओढली आणि टोपीवाला चिखलात बसला, तेव्हा सगळ्यांबरोबर भावजीही हसले. उत्तर काही आलं नाही. शेवटी त्यांनी बर्गर ताटलीत ठेवला, म्हणाले, "माझं पोट भरलेलं आहे, तुम्ही जेवा." कपडे बदलले आणि औषध मारायला शेतावर गेले.

टाकी आली. त्यावर कंपनीचं चित्र आहे. मी त्याच पाण्यात नूडल्स उकडते, तेव्हा त्या टाकीला मी काही म्हणत नाही.

काही महिन्यांनी लेंग वांचा थोरला मुलगा यी पाओ दुकानात आला. त्यानं फोन माझ्यापुढं धरला. जाहिरात होती. आधी धुकं, मग आमचा डोंगर, मग पाटी: या जगात अजून अशी माणसं आहेत. मग भावजी. पावाच्या आत डोकावतायत, वास घेतायत, भांबावून इकडंतिकडं बघतायत, ओठ हलतायत आणि आवाज नाही. जणू आयुष्यात पहिल्यांदा जेवण बघितलं! मग एकदम जवळून एक जबडा. भरतकामाची कॉलर आणि कचाकचा चावणारं तोंड. आणि लगेच भावजी खदखदून हसतायत.

"यी पाओ," मी म्हटलं, "हे दात बघ. तुझ्या काकांना खालचे दात आहेत का?"

"नाहीत."

"मग?"

"काकू, मला कळतंय. पण बघणारा दात मोजत बसत नाही."

दात ली कुळातल्या एका म्हाताऱ्याचे होते, मी कॉलर ओळखली. डोंगरावरच्या इतर गावांतल्या यांगांना मी ते शंभरदा सांगितलं, पण त्या मांसात हृदय नव्हतं असं कंपनीनंही कधी कळवलं नव्हतं. एकानं तर तोंडावर म्हटलं, "कंपनीनं बसवून दिले असतील." सगळे हसले. चेष्टेत म्हटलं होतं, पण त्यानंतर कुणाच्या घरी मयत झाली की भावजींना बोलावणं येईना. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नुसतं दुसऱ्याला बोलावलं. भांडायला कुणी समोर आलं असतं तर मी पदर खोचून उभी राहिले असते. पण सगळे मेले गोड!

लेंग वांनी अंथरुणातच जाहिरात बघितली. भावजी त्यांच्या उशाशी होते, मीही होते.

"खाल्लंस का रे?" लेंग वांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि कुठल्याशा गावातल्या झऱ्याचं नाव विचारायला लागले.

मला मात्र झोप येईना. मी भावजींच्या मागं लागून त्यांना कोबीच्या गाडीतून चियांग माईला वितच्या ऑफिसात नेलं. वितनं आमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. थंड पाणी दिलं, मऊ खुर्चीत बसवलं. "आजोबा, तुम्ही किती गोड दिसलाय! परदेशात लोक तुमच्यावर फिदा आहेत."

भावजी म्हणाले, "मला फक्त राहिलेलं चित्र दे. मी खाली ठेवतो ते. आमच्या माणसांना दाखवतो, मग तुझं नि माझं काही नाही."

"ते अमेरिकेत आहे, आजोबा. आमच्या हातात काही नाही. आणि खाताना तुमचा चेहरा कुठं दाखवलाय? तुम्ही खाल्लंत असं आम्ही कुठंही म्हटलेलं नाही."

"मग हे काय विचारत होते ते तरी खाली लिहा," मी म्हटलं. "ओठ हलताना दिसतायत. हा माणूस विचारतोय की यात हृदय आहे का, एवढं लिहा. गांगरलेला नाहीये तो, चौकशी करतोय!"

वित माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, याला पटलं. मग त्याचे डोळे चमकले. "काकू, हे तर फारच भारी आहे. यांग कुळाचा म्हातारा, हृदयाचं बंधन... याच्यावरच दुसरी जाहिरात करू! मी आजच कळवतो त्यांना. आजोबा, पुन्हा ते कपडे घालाल ना?"

भावजी उठले. दारात जाऊन चपला घालू लागले. मला त्या वितच्या टेबलावरचं सगळं उलथून टाकावंसं वाटलं. टाकायला हवं होतं.

पाऊस संपता संपता लेंग वा गेले. निरोप कळला तसे भावजी हातपाय धुऊन, काळे कपडे घालून अंगणात बसले. बोलवायला मुलं येतात, वाकून नमस्कार करून विनवतात, अशी रीत आहे. यी पाओची गाडी आली. आमच्या दाराशी थांबली. मागच्या बाजूला पलीकडच्या खोऱ्यातला दुसरा वाट सांगणारा बसलेला होता.

यी पाओ उतरला. त्याला भावजींकडे बघवेना. "काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण लढाईनंतर अमेरिकेत गेलेले भाऊबंद येतायत, सगळ्यांनी ते बघितलंय. उद्या घरात काही आजारपण आलं तर म्हणतील, बापाला वाट कुणी सांगितली होती बघा. बाबांच्या वाटेत शंका नको."

"याला गावं ठाऊक आहेत का?" भावजींनी विचारलं.

"तुम्ही सांगा ना, मी लिहून घेतो."

भावजींनी सांगितली. एकेक नाव सावकाश, आणि यी पाओ फोनवर लिहून घेत होता. लिहून झाल्यावर त्यानं वाकून नमस्कार केला आणि गाडी गेली. मी एवढी रडले की नवरा गेला तेव्हा तेवढी रडले नव्हते. भावजी म्हणाले, "निदान गावं तरी गेली बरोबर."

दफनाच्या आदल्या दिवशी मोठं जेवण होतं. गाई कापल्या होत्या. भावजी सकाळपासून मांडवामागं सरपण फोडत होते. घरात ड्रम वाजत होता, पण ते आत गेले नाहीत. जेवायला मात्र यी पाओनं हाताला धरून आणून बसवलं. लांबच लांब फळ्यांवर पंगत, एका बाजूला सगळे यांग. मी भावजींच्या शेजारी.

तेवढ्यात लेंग वांचा धाकटा जावई आला. ली कुळातला, फार भला पोरगा. दोन्ही हातांनी त्यानं एक वाडगं भावजींपुढं ठेवलं. वर बारीक चिरलेली कोथिंबीर होती.

"काका, सकाळपासून खपताय," तो म्हणाला. "गाईचं हृदय मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. इथं बाकी कुणी यांग खात नाही, तुम्हाला चालतं म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. पोरगं मनापासून बोलत होतं. मी पंगतीकडे बघितलं. एवढे यांग बसलेले, कुणीतरी तोंड उघडेल असं मला वाटलं. यी पाओ भातात चमचा फिरवत होता. समोरच्यानं मिरचीची वाटी भावजींच्या बाजूला सरकवली.

मी उठायला लागले. भावजींनी माझं मनगट धरलं. "ओरडू नकोस. त्यानं प्रेमानं आणलंय." मग मान वर करून त्या पोराला म्हणाले, "बाळा, मी यांग आहे."

जावई हसला. "हो काका, माहीत आहे की," म्हणाला, आणि वाडगं आणखी थोडं त्यांच्या जवळ सरकवलं.