हललेल्या फोटोतला ससाणा

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत बाळकृष्णराव राहतात. वय एकाहत्तर. उभी हयात मोडी कागद वाचण्याच्या नोकरीत गेली. कागद कसरीनं खाल्लेला असो की शाई उडालेली असो, राव भिंग घेऊन बसायचे आणि अक्षर लागलं तरच उतरवून घ्यायचे. नाही लागलं तर तेवढी टिंबं. अंदाजानं एक वेलांटीसुद्धा घालायची नाही, हा त्यांचा बाणा. वरिष्ठांशी खटके उडाले, बढती हुकली, पण टिंबाच्या जागी रावांनी कधी अक्षर घातलं नाही. अशी माणसं कामाला चांगली असतात आणि घरात जरा जड जातात.

निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लागला तो चिदंबरमुळे. चिदंबर लहानपणापासूनचा मित्र, वीज मंडळातून कारकून म्हणून निवृत्त झालेला. दर रविवारी दोघं टाऊन बसनं तिरुवैयारूला जायचे, कावेरीच्या काठानं दोन तास चालायचे आणि परतताना कॉफी घ्यायचे. चिदंबर फोटो काढायचा, राव पुस्तकात बघून नाव सांगायचे. जिल्ह्यातल्या पक्ष्यांची इंटरनेटवर एक यादी आहे. लोकांनी पाठवलेल्या नोंदी तपासायचं काम पुढे रावांकडे आलं. शंका असली की नोंद बाजूला. टिंबांची सवय इथंही कामी आली.

मग एका पौषात चिदंबरनं तीन फोटो पाठवले. आभाळात एक शिकारी पक्षी, तिन्ही फोटो हललेले. सोबत त्यानं लिहिलं होतं: शिक्रा नव्हे, उत्तरेकडून थंडीत येणारा ससाणा, स्पॅरोहॉक. पंख पसरले की टोकाची पिसं बोटांसारखी सुटी दिसतात, ती शिक्र्याला पाच आणि स्पॅरोहॉकला सहा. मी सहा मोजली.

राव दोन दिवस भिंग घेऊन संगणकापुढे बसले. फोटोत बोटं कसली, नुसता करडा फराटा होता. शिक्रा तर तंजावुरात कुठल्याही नारळावर भेटतो. नोंद बाजूला ठेवून तेवढ्यावर थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण रावांनी खाली इंग्रजीत शेरा मारला आणि मगच संगणक बंद केला.

त्या रविवारी चिदंबर बस स्टँडवर आला नाही. पुढच्याही नाही. रावांनी फोन केला, तर तो "बरं आहे" म्हणाला आणि ठेवून दिला. रावांना वाटलं, रुसलाय, येईल. श्रावणात हृदयविकारानं चिदंबर गेला. राव स्मशानात सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि पुढे जायचा धीर त्यांना झाला नाही.

वर्षाची कार्यं उरकली आणि एका सकाळी चिदंबरची बायको राजम रावांच्या दारात आली. तिच्या पिशवीत चिदंबरचा कॅमेरा होता. तिचे हात गेली चार-पाच वर्षं कापतात. रावांनी कॉफी दिली तर लोटा दोन्ही हातांनी धरूनही थोडी सांडलीच.

"अण्णा, हा कॅमेरा कोणास तरी द्यायचा म्हणतें," ती म्हणाली. "त्याअगोदर मज एक सांगा. त्या पक्ष्याचे फोटो इतके वाईट होते काय?"

"स्पष्ट नव्हते, वैनी."

"होय. माझेच हात. मज तेव्हांच कळलें होतें."

राव तिच्याकडे बघतच राहिले. "तुमचे हात?"

"मग कोणाचे? मामंजींचें श्राद्ध होतें तें. हे सोवळें नेसून मडींत होते. पिंड घेऊन मोट्टमाडीवर, वरच्या गच्चीवर गेले कावळ्यांस ठेवायला. कावळे कुठले खायला येतात, सगळे त्या पक्ष्याच्या मागें! पक्षी नारळाच्या शेंड्याइतका खालीं. सोवळ्यांत कॅमेऱ्यास शिवतां येतें काय? मज हांक मारली. रांधायला बाई लावली होती, म्हणून मीं मडींत नव्हतें. 'बटन दाब, दाबीतच राहा' म्हणाले. मीं तो कधीं धरला होता?"

"आणि चिदंबर?"

"उभे होते. हातांत पिंड. मान वर करून मोठ्यानें मोजीत होते. तीनदां मोजलें. मग म्हणाले, श्राद्धाच्या दिवशीं डोळे पक्ष्यावर होते हें कोणास सांगूं नको." तिनं लोटा खाली ठेवला. "अण्णा, माझ्या हातानें तुमची दोस्ती तुटली. हें एक वर्ष मीं तेंच घेऊन बसलें आहें."

फोटो हलले म्हणजे माणूस गडबडला, आणि गडबडलेला माणूस मोजणार काय, असं राव धरून चालले होते. कॅमेरा एकाच्या हातात आणि नजर दुसऱ्याची असेल, हे मनातही आलं नव्हतं. उभ्या जन्मात कागदावर अंदाजानं काना घातला नाही, आणि मित्राच्या बाबतीत सबंध ओळ अंदाजानं लिहून मोकळे झाले.

"वैनी, तुमच्या हातानं काही तुटलं नाही," ते म्हणाले. "फोटोचं मी बरोबर सांगितलं. माणसाचं चुकलो."

त्यांनी संगणक लावला, ती नोंद काढली आणि एका बोटानं हळूहळू टाइप करत लिहिलं. राजमला तमिळ वाचता येतं, इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीत वाचून दाखवलं: "स्पॅरोहॉक. नोंद मान्य. आधार, पाहणाऱ्याचा शब्द. फोटो राजम यांचे. पाहिलं चिदंबर यांनी. बोटं सहा, तीनदा मोजलेली."

"आणखी एकदां वाचा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा वाचलं. तिनं पदरानं डोळे पुसले. मग कापरं बोट पडद्यावर खाली नेलं.

"ही खालची ओळ कसली?"

तो जुना शेरा होता. यादीत एकदा मारलेला शेरा पुसता येत नाही. टाळता आलं असतं, तारीख आहे म्हणून सांगता आलं असतं. राव चष्मा काढून पुसत बसले, पुन्हा लावला आणि एकेक शब्द मराठीत वाचला.

"ज्याला कॅमेरा धड धरता येत नाही, असल्या कापऱ्या हातांच्या माणसानं ससाण्याच्या वाटेला जाऊ नये."

राजमनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकात एक घट्ट धरले.

"हें त्यांनीं मज कधींच सांगिटलें नाहीं," ती म्हणाली.