हरकत घेतलेला फोटो

तनुजा चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे भाग तपासते. भाग मोजायचा, मापात असला तर पुढे पाठवायचा, नसला तर लाल खोक्यात टाकायचा. एकवीस वर्षं हेच काम. लाल खोक्यातला भाग एखादा सुपरवायझर पुन्हा बाहेर काढायला लागला, तर ती एवढंच म्हणते, "मग सही तुम्ही करा." सही कुणी करत नाही.

दरवर्षी भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी ती चालायला निघते. सोबत निलोफर. निलोफर त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते, काळेवाडीला राहते. तनुजा रहाटणीची. दोघी एसटीनं तनुजाच्या सासरच्या गावी जातात. ते गाव भामा नदीच्या खोऱ्यात आहे. तिथून पुढे सगळं पायी: गावामागची पाणंद, मग ओढा, मग डोंगर, भोरगिरी आणि भीमाशंकरचं जंगल. चार दिवसांची वाट. पाणंद म्हणजे शेतांच्या बांधांमधून गेलेला, बैलगाडीपुरता रस्ता. तो कुणा एकाचा नसतो, सगळ्या गावाचा असतो.

२०१३ साली पहिल्यांदा गेल्या तेव्हा तनुजानं वाटेवर चाळीसेक ठिकाणी फोटो काढले. पुढच्या वर्षी ती त्याच ठिकाणी, त्याच बाजूला तोंड करून उभी राहिली आणि पुन्हा काढले. मग ती सवयच झाली. एका ओढ्याचे दहा वर्षांचे दहा फोटो. निलोफर डायरीत तारीख आणि ठिकाण लिहून घ्यायची आणि मग कंटाळून दगडावर बसायची. "दगड तोच आहे गं, हलला नाही," म्हणायची. सगळे फोटो तनुजानं एका फुकटच्या वेबसाइटवर तारीख आणि ठिकाण लिहून लावले होते. पाहणारे मोजके होते, पण होते.

२०२३ च्या दिवाळीत पाणंदीच्या तोंडाशी भिंत उभी राहिलेली दिसली. सिमेंटची, डोक्याएवढी, मधोमध लोखंडी गेट आणि गेटावर पाटी: खासगी मालमत्ता. आत प्लॉट पाडले होते. दोघी वळसा घालून, काट्याकुट्यांतून गेल्या. तनुजानं नेहमीच्या जागी उभं राहून फोटो काढला. घरी आल्यावर तिनं तो वेबसाइटवर लावला आणि शेजारी त्याच जागेचा २०१६ चा फोटो ठेवला. त्यात भिंतीच्या जागी उसानं भरलेली बैलगाडी होती. खाली फक्त तारखा लिहिल्या.

ते दोन फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरले. प्लॉट पाडणारा होता दादासाहेब, तिच्या नवऱ्याचा, मुरारीचा, धाकटा चुलतभाऊ.

फेब्रुवारीत वेबसाइटचा निरोप आला: नियमभंगाच्या तक्रारींमुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. कोणता नियम, कुणाची तक्रार, काही नाही. तनुजानं सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा तेच उत्तर, शब्दाला शब्द. पुढच्या महिन्यात एका साखरपुड्यात दादासाहेबानं पंगतीत वाढता वाढता विचारलं, "वहिनी, हल्ली तुमचे फोटो दिसत न्हाईत?"

"दिसतील," ती म्हणाली आणि पानावर हात आडवा धरला.

मूळ फोटो घरी हार्ड डिस्कवर होते, ते वाचले. ती डिस्क घेऊन ती अजिमकडे गेली. अजिम निलोफरचा भाऊ. रहाटणीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

"दुसऱ्या साइटवर टाका ना ताई. दहा मिनिटांचं काम."

"तिथंही कुणी तक्रार करील, तिथंही बंद होईल. अजिमभाई, मला असं पाहिजे की तक्रार करायची तर माझ्या दारात येऊन करावी लागेल."

अजिमनं डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे वेबसाइटच घरात ठेवायची. होतं. जुना कॉम्प्युटरही चालतो. पण तो दिवसरात्र चालू ठेवावा लागेल, आणि बिघडला की हात तुम्हालाच घालावा लागेल."

"हात घालायची सवय आहे."

त्यानं एका ऑफिसातून आलेला जुना कॉम्प्युटर तिला दिला. पहिल्या रविवारी तिच्यासमोर बसून त्याच्यावर गॅलरीचं सॉफ्टवेअर घातलं. पुढच्या रविवारी तिनं ते सगळं पुसलं आणि स्वतः पहिल्यापासून घातलं. प्रत्येक आज्ञा तिनं वहीत उतरवून घेतली, कंपनीत मशीनवर कामाच्या पायऱ्या लावलेल्या असतात तशी. एक अक्षर चुकलं की काहीच चालत नसे. ते तिला आवडलं. मापात असेल तर चालणार, नसेल तर नाही.

इंटरनेटवाल्याचं मात्र आवडलं नाही. बाहेरच्यांना तिच्या घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायचं, तर कनेक्शनला कायमचा पत्ता लागतो. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घरच्या कनेक्शनला असलं काही लागत नाही."

"मला लागतं."

"कशासाठी पण?"

"फोटो दाखवायला."

नऊ फोन झाले तेव्हा पत्ता मिळाला. मग जूनमध्ये वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि सगळं उडालं. फोटो होते, पण त्यांच्याखाली लिहिलेलं सगळं गेलं. त्या दिवशी ती रडली. मुरारी म्हणाला, "झालं तेवढं बास. नोकरी आहे, घर आहे, कशाला जीव काढतेस?" पुढच्या रविवारी निलोफर आपल्या डायऱ्या घेऊन आली. तिनं वाचायचं आणि तनुजानं टाइप करायचं, असे चार रविवार गेले. सगळ्याची एक प्रत निलोफरच्या घरी ठेवायची, असं तेव्हाच ठरलं.

ऑगस्टमध्ये गॅलरी सुरू झाली. पहिल्या दिवशी ती चार वेळा उघडली गेली, त्यात तीन वेळा तनुजाच होती. मग तिनं पत्ता गावाच्या ग्रुपवर टाकला.

तीन दिवसांनी दादासाहेब घरी आला. मुरारी घरीच होता. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, मग त्यानं कप खाली ठेवला.

"वहिनी, तो एक फोटो काढा. बाकीचं राहू द्या की. आमी काय सगळं काढा म्हणतोय व्हय?"

"तोच का काढू?"

"लोक उगं कागद करायला लागलेत. तहसीलला अर्ज गेलाय. तुमच्या फोटोची प्रत जोडलीय त्याला."

"फोटो खोटा आहे का, भाऊजी?"

"खोटा म्हणत न्हाई मी."

"तारीख चुकलीय?"

दादासाहेब मुरारीकडे वळला. "दादा, सांग की जरा."

मुरारीनं मान खाली घातली. "एक फोटो तर आहे, तनुजा. काढून टाक ना. घरातलं घरात राहील."

ती नवऱ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या साइटनं माझे चारशेवर फोटो बंद केले, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता माझ्या घरातून एक काढायचा म्हणून दोघं मला समजावताय. मी नाही काढणार."

"गावात यायचं हाय ना अजून?" दादासाहेब उठता उठता म्हणाला.

"यायचंय. पाणंदीनंच येणार."

तो गेल्यावर तिनं कॉम्प्युटर उघडला आणि त्या फोटोखाली एक ओळ वाढवली: या फोटोवर हरकत घेण्यात आली आहे. फोटो तसाच ठेवला आहे.

मुरारी दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिनंही समजूत काढली नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून येताना तो एक यूपीएस घेऊन आला आणि कॉम्प्युटरजवळ ठेवला, म्हणजे वीज गेली तरी सगळं नीट बंद करायला वेळ मिळेल. "ती बैलगाडी आमच्या अण्णांची होती," तो म्हणाला. "नाव लिही खाली. अण्णासाहेब." तिनं सासऱ्यांचं नाव लिहिलं.

सप्टेंबरात दादासाहेबाच्या वकिलाची नोटीस आली. फोटोमुळे बदनामी होते, आठ दिवसांत काढावा. तनुजानं उत्तर लिहिलं: फोटोत भिंत आहे, फोटोखाली तारीख आहे, यातलं चुकीचं काय ते लेखी कळवावं. पुढे काही आलं नाही. इंटरनेटवाल्यांचाही फोन आला, तुमच्याबद्दल तक्रार आहे म्हणून. तिनं त्यांच्याकडेही ती लेखी मागितली. तीही आली नाही. आला तो गावातल्या सोजराबाईंचा निरोप. त्यांच्या लग्नाची वरात त्याच पाणंदीनं आली होती, तिचा काळापांढरा फोटो ट्रंकेत सापडला होता. तो लावता येईल का? येईल, तनुजा म्हणाली. मग आणखी तेरा घरांतून फोटो आले.

भिंत अजून उभी आहे. तहसीलदारांनी मोजणीचा आदेश दिला, मोजणीची तारीख दोनदा पुढे गेली. तनुजाला त्याचा राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. त्या दिवाळीला तिनं रीतीप्रमाणे दादासाहेबाच्या घरी फराळाचा डबा पाठवला. डबा न उघडता परत आला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोघी गेटापाशी पोचल्या. वॉचमन खुर्चीवरून उठला. लातूरकडचा होता बिचारा. "ताई, साहेबांनी सांगितलंय, इथं फोटो काढू देऊ नका."

तनुजा नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली, कॅमेरा वर केला, फोटो काढला. "साहेबांना सांगा, काढला," ती म्हणाली. "माझं नाव सांगा, म्हणजे तुम्हाला बोलणार नाहीत."

भिंतीच्या कडेनं, बाभळीच्या काट्यांतून वाट काढत दोघी ओढ्याला लागल्या. निलोफरची ओढणी दोनदा अडकली. पलीकडे झाडाखाली बसून तनुजानं सॅकमधून परत आलेला तो डबा काढला. चकल्या अजून कुरकुरीत होत्या. भोरगिरीपर्यंत पुरल्या.