शेवंता नावाचा खड्डा

तुमच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचं नाव काय? माहीत नाही ना? मग तो बुजणार कसा, असं आमच्या शेजारच्या बाई विचारायच्या. परळीत भूगोल शिकवायच्या. “नाव दिलं की वस्तू दिसायला लागते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

जग खुलं झाल्याची ती वर्षं. परदेशी थंड पेय टपरीवर पोचलं होतं, अंबाजोगाईच्या रस्त्यावर डांबर पोचलं नव्हतं. अडलेली बाळंतीण त्याच रस्त्यानं दवाखान्यात न्यायची. गल्लीतल्या शेवंताचं बाळ चिंचेच्या वळणावर, खड्ड्यात आदळलेल्या जीपमध्येच गेलं. आता बाईंच्या लेकीला आठवा लागला होता.

बाईंच्या वर्गात शुक्राचा नकाशा होता, खड्डेच खड्डे. “तिथं खड्डा पडायला आभाळातून दगड यावा लागतो. आपल्याकडं उद्घाटन पुरतं.”

एका रविवारी बाईंनी चुन्याची बादली घेतली आणि खड्ड्याखड्ड्याशेजारी एकेका पुढाऱ्याचं नाव लिहिलं. लाजेनं तरी बुजवतील! मी तेव्हा पत्रकं वाटत हिंडायचो. मलाही हा हिशेब पटला.

साहेबांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी त्यांच्या खड्ड्याला हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या गटाचा माणूस बाईंच्या दारात आला. “बाई, आमच्या अण्णांचा खड्डा बारका कावून? अण्णा लई नाराज हायेत.” खडी टाकायला आलेल्या मजुरांना तर पोरांनी हाकललंच. “साहेबांचं नाव बुजवतो का बे?”

बाई पुन्हा नकाशासमोर उभ्या राहिल्या. शुक्रावरच्या मोठ्या खड्ड्यांना नामवंत बायकांची नावं देतात, बारक्यांना साध्यासुध्या बायकांची. त्या शेवंताकडं गेल्या. चिंचेच्या वळणावर पुढाऱ्याऐवजी तुझं नाव लिहू का, म्हणाल्या.

शेवंता भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

“लिवा बाई. माजं नाव दुसरं कुटं कोन लिवनार हाय?”

त्या नावाला कुणी हार घातला नाही. प्रवासी विचारायचे, शेवंता कोण? जीपवाला सांगायचा. ऐकून प्रवासी खाली उतरायचे, कडेचा दगड-मुरूम खड्ड्यात लोटायचे. पुढच्या आठवडी बाजाराआधी खड्डा बुजला. त्यावरूनच बाईंची लेक दवाखान्यात गेली आणि नातीला घेऊन परतली.

बाईंची मात्र गेवराईच्या पलीकडं बदली झाली. सरकारी रस्ता विद्रूप केला म्हणे. साहेबांचा खड्डा अजून आहे, आणखी रुंदावलाय.

बादली त्या माझ्याकडं ठेवून गेल्या. तुम्हीही एक घ्या. पुढाऱ्याचं नाव लिहू नका, त्याला ते आवडतं. त्या खड्ड्यानं जिचं काही नेलं, तिचं लिहा. पण आधी तिला विचारा.