विशेष ध्वनी

दादाला रेडिओ आवडायचा, पण रेडिओवर लागणारी गाणी त्याला फारशी नकोच असायची. वडील मुंबईला गिरणीत होते आणि दादा शिकायला त्यांच्याजवळ खोलीत राहायचा. मी आणि आई तळ्याजवळच्या आमच्या गावात भातशेती बघायचो. एका मे महिन्यात तो येताना ट्रान्झिस्टर घेऊन आला. संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. दादा काटा फिरवायचा, स्टेशन लागायचं, माणसं पुढे सरकून बसायची, आणि तो काटा पुन्हा पुढे न्यायचा. दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर आणि शीळ ऐकू येते ती त्याला ऐकायची होती.

आई म्हणाली, "अरे, गानं लागलंय नं, मग ऱ्हाऊ दे की."

तो हसला आणि तिच्यासाठी गाणं लावून दिलं. पण गाणं चालू असताना त्याचं लक्ष नव्हतं, हे मला दिसत होतं.

पुढे तो विज्ञान शिकला आणि गुजरातेत एका संस्थेत ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागला. तिथे परदेशातून एक यंत्र आलं होतं. विजेवर सूर तयार करणारं. ज्यांनी ते आणवलं ती मंडळी दुसऱ्या कामांत गुंतली आणि यंत्राची खोली बहुतेक वेळ बंद असायची. किल्ली दादाकडे आली. त्याच्या आयुष्यात जे काही घडलं ते त्या किल्लीपासून घडलं, असं मला वाटतं. चांगलंही, आणि नंतरचं सगळंही.

त्याला कावीळ झाली तेव्हा वडिलांनी मला त्याच्याकडे पाठवलं. पथ्याचं रांधायला कुणीतरी हवं होतं. मी वीस वर्षांची होते. मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते. अंगात थोडी ताकद आल्यावर एक दिवस काम संपल्यावर तो मला ते यंत्र दाखवायला घेऊन गेला. दोन लाकडी कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं मोठं होतं ते. पुढे नुसती बटणं आणि भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेल्या वायरी. तालुक्याच्या टेलिफोन ऑफिसात असायच्या तशा.

मी विचारलं, "पट्ट्या कुठे आहेत? सूर कुठून काढतोस?"

"सूर यात नाहीतच," तो म्हणाला. "ते आपण करायचे."

मी तेव्हा गात असे, आणि बरं गात असे. शाळेत, गणपतीत, लग्नाघरी मला बोलावणं यायचं. एखाद दिवशी रेडिओवर गावं असं मनात होतं. म्हणून दादाने माझा आवाज टेप करायचा आहे म्हटल्यावर मी दोन दिवस एक भावगीत घोटत होते. माइकपुढे उभी राहिले तर तो म्हणाला, "गाणं नको, बाय. नुसता आ लाव. श्वास पुरेल तेवढा वेळ."

मी लावला. त्याने पुन्हा लावायला सांगितला, थोडा खाली. मग आणखी खाली. गाणं राहिलंच.

पुढचे कितीतरी दिवस तो त्या आवाजाशी झगडत होता. टेपचे तुकडे दाढीच्या ब्लेडने कापायचा, पांढऱ्या चिकटपट्टीने जोडायचा, उरलेले दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगून ठेवायचा. माझा आ त्याने हळू केला, उलटा केला, यंत्रातल्या सुरांत मिसळला. ऐकवला तेव्हा सुरुवातीला शंख फुंकल्यासारखं वाटलं, मग लांब कुठेतरी म्हैस हंबरतेय असं. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. दादा मात्र माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. डोळे अजून पिवळसर होते, गालफडं बसली होती, आणि एवढ्या आनंदात मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

त्या संस्थेतच त्याने ते लोकांना ऐकवलं. वीस-पंचवीस माणसं असतील. मी मागे बसले होते. काही माणसं मधेच उठली, बरीचशी बसून राहिली. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण संपलं आहे हे कुणाला कळलं नाही. मग पुढच्या रांगेतले एक मोठे गृहस्थ उठले, त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हे उत्तम आहे असं सांगितलं. अणुशक्तीवर सरकारी माहितीपट निघतोय, त्यात हे छान बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दादा खुश झाला. मीही झाले. त्या एका वाक्यात त्याची पुढची चाळीस वर्षं ठरून गेली, हे आम्हाला कुठून कळणार?

मी परत आले आणि माझं लग्न झालं. नागावला नारळी-पोफळीची वाडी असलेल्या घरी पडले. गाणं हळदीकुंकवापुरतं राहिलं. मला त्याची रुखरुख होती, पण वाडीला पाणी, सुपारीची सोलणी, मुलं यांत ती कधी वर आली नाही.

संस्थेतलं ते यंत्र काही वर्षांत बिघडलं. दुरुस्त करणारा कुणी नव्हता. खोलीत दुसरं काहीतरी सुरू झालं आणि दादा मुंबईला वडिलांच्या खोलीत येऊन राहिला. वडील तोवर गावी गेले होते. जुन्या बाजारातून त्याने एक स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला, सूर काढणारी लहान यंत्रं स्वतः जुळवली आणि काम शोधू लागला. काम मिळायचं. रॉकेट उडतंय, अणू फुटतोय, पिकांवर कीड पडलीय, असं काही पडद्यावर आलं की दादाला बोलावणं. पुढे सिनेमावाले बोलवायला लागले. नायकाला ताप चढला, कुणाला चक्कर आली, विहिरीतून भूत निघालं, की त्याचे सूर. संगीतकार म्हणून नाव दुसऱ्याचं असायचं. सिनेमा संपल्यावरच्या पाट्या सरत आल्या की खाली कुठेतरी यायचं, 'विशेष ध्वनी', आणि त्यापुढे दादाचं नाव. अलिबागला असा एक सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. नाव येईपर्यंत निम्मी माणसं दाराबाहेर गेली होती आणि आमच्या पुढच्या माणसांच्या डोक्यांमुळे मला ते वाचता आलं नाही.

दिवाळीत भाऊबिजेला तो यायचा तेव्हा मी विचारायचे, तुझं स्वतःचं काय चाललंय? तो सांगायचा की एक मोठं काम डोक्यात आहे, थोडी सवड मिळाली की बसेन. आधी आधी तो त्या कामाबद्दल बोलायचा, जेवण थंड होईपर्यंत. मग नुसतं चाललंय म्हणायचा. मग मीच विचारायचं सोडलं.

नंतर परदेशी कीबोर्ड आले. त्यांत सगळे आवाज तयार असायचे, पण वाजवायला बोटं लागायची. दादाला साधी पेटीसुद्धा वाजवता यायची नाही. जे आवाज करायला तो आठवडा घालवायचा ते पोरं एक बटण दाबून काढू लागली. एकदा त्याने धीर करून आरत्यांची कॅसेट केली, सगळी साथ आपल्या यंत्रांची. कंपनीच्या माणसाने एक बाजू ऐकली आणि देवघरात भुताटकी झाल्यासारखं वाटतं असं सांगून परत दिली. हे दादाने मला हसत सांगितलं. शेवटची काही वर्षं तो नाटकांना पाऊस, दारावरची घंटा, गाडीचा ब्रेक असलं काही पुरवत होता.

माझे यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याला इकडे बोलावून घेतलं. त्याने लग्न केलं नव्हतं आणि गुडघे गेले होते. येताना टेपा आणि ती लहान यंत्रं भरलेली एक पत्र्याची ट्रंक आणली. ती माळ्यावर गेली. मुलाने तोवर वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मोठे स्पीकर लागायचे, आमचे पाहुणेही लावायचे. दादा खिडकी लावून घ्यायचा. मी एकदा म्हटलं, हे पण विजेवरचंच संगीत ना? त्याने खिडकीची कडीही घातली. विचारलं त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही, पण त्याला त्रास झाला खरा.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. जुन्या काळी आपल्याकडे असं संगीत कुणी केलं याचा त्या शोध घेत होत्या. कुठल्याशा जुन्या पत्रकात त्यांना दादाचं नाव सापडलं होतं. टेपा असतील तर त्या यंत्र घेऊन येणार होत्या, त्यातून नवी तबकडी काढायचा विचार होता. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, येऊ देत. ज्या दिवशी त्या येणार त्या दिवशी त्याने सकाळीच दाढी केली आणि सुनेकडून शर्टाला इस्त्री करून घेतली.

त्या एका सहकाऱ्याला घेऊन आल्या, पडवीत टेबलावर स्पूलचं यंत्र मांडलं. ट्रंक खाली काढली. टेपांना बुरशी आली होती, पण त्यांनी कापसाने, मऊ ब्रशने हळूहळू पुसून एकेक साफ केली. त्या दादाला सर म्हणत होत्या. दादा खुर्चीत ताठ बसला होता.

पहिली टेप लावली. खताची जाहिरात निघाली, एक माणूस शेतकरी बंधूंना हाका मारत होता. दुसरीवर पाऊस होता, नाटकाचा. तिसरीवर आमच्या चुलतबहिणीच्या लग्नातली मंगलाष्टकं. बाईंनी प्रत्येक टेपच्या खोक्यावरचं लिहिलेलं पुन्हा वाचून पाहिलं. खोक्यांवर दादाच्या जुन्या कामांचे क्रमांक होते, आत भलतंच.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "सर, मूळ रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठे आहे का?"

"नाही. टेप परवडायची नाही," दादा म्हणाला. "नवं काम आलं की जुन्यावरच घ्यायचो. किती पुसलं ते आठवत नव्हतं. थोडं राहिलं असेल असं वाटलं होतं. पुढची लावा."

पुढचीही तशीच. बाई तरी थांबल्या नाहीत, दिवसभर लावत राहिल्या. सुनेने दोनदा चहा आणला. एका टेपवर कुठल्याशा साबणाचं काहीतरी होतं, ते संपलं, आणि बाईंचा हात बटणाकडे गेला होता तेवढ्यात आतून सूर यायला लागले. साबणाची जाहिरात आखूड होती आणि खालचं काम लांब, म्हणून शेपटाकडचा तुकडा पुसायचा राहिला होता. खोल, लांबणारा आवाज, आणि त्याच्या पोटातून वर येणारा दुसरा. मी तो ओळखला. लांबची ती म्हैस. माझा आवाज.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दादाकडे वळल्या. दादा ऐकत होता, मान एका बाजूला कलती करून. अर्धा मिनिट झालं असेल नसेल, टेप संपली आणि चकती रिकामीच फिरत राहिली.

"हा शेवट मला कधीच जमला नाही," तो म्हणाला. "आधीचा भाग बरा होता."

आधीचा भाग कसा होता, पुन्हा बांधता येईल का, असं त्यांनी फार आदराने विचारलं. सगळी मदत करायची त्यांची तयारी होती. दादाने नकारार्थी मान हलवली. काय केलं होतं ते मला तेव्हाही धड माहीत नव्हतं, सापडत गेलं तसं करत गेलो, असं तो म्हणाला. मी नंतर स्वयंपाकघरात एकटीच तो आ लावून पाहिला. आवाज फाटला. शिवाय टेपवर तो उलटा होता, सुलटा लावून काही उपयोग नव्हता.

बाई तो तुकडा उतरवून घेऊन गेल्या. महिन्याभराने फोन आला, अर्ध्या मिनिटाची तबकडी निघत नाही, पण आणखी कुणाची कामं सापडली तर त्यांच्याबरोबर घालू. मग फोन कमी झाले. मला त्यांचा राग नाही. त्यांनी जेवढं पुसलं तेवढं आमच्यापैकी कुणी पुसलं नव्हतं.

मुलाने दादाच्या फोनवर सूर तयार करायचं काहीतरी घालून दिलं. त्या ट्रंकेतल्या यंत्रांपेक्षा शंभरपट जास्त त्यात आहे, असं तो मामाला समजावत होता. दादाने दोन दिवस बोट फिरवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी फोन बाजूला ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, "सगळं आहे यात, बाय. माझ्याकडेच काही नाही."

मी सुपाऱ्या सोलत होते, सोलत राहिले.

त्यानंतर तो झपाट्याने खंगला. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. अलिबागच्या डॉक्टरांनी वय झालंय म्हणून सांगितलं. गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी झोपेतच गेला. मी बाहेर ओटीवर होते.

स्थानिक पेपरात बातमी द्यायची होती. मुलाने 'ज्येष्ठ संगीतकार' असं लिहून पाठवलं. थोड्या वेळाने पेपरातल्या माणसाचा फोन आला, त्यांची गाजलेली गाणी कोणती ते सांगा, म्हणजे दोन ओळी वाढवता येतील. मुलाने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"गाणी नाहीत," मी म्हटलं.

"मग काय सांगू?"

तो माणूस फोनवर खोळंबला होता. शेवटी मुलाने स्वतःचं नाव आणि खोल्यांचं नाव सांगितलं, यांचे मामा म्हणून लिहा म्हणाला. तसंच छापून आलं. नागाव येथील व्यावसायिक अमुक यांचे मामा, वृद्धापकाळाने. वर आधार कार्डावरचा फोटो. शेजारची पेपर घेऊन आली, फोटो बरा आलाय म्हणाली. मी हो म्हटलं.